कास पठाराला कुंपण हवं की नको?

माझं मत: सरसकट जाळी नको, पण पायवाट सोडून आत पाऊलही नको.

कासला जांभ्या कातळावर बोटभर माती. तिच्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा ही रानफुलं एकमेकांना खेटून उगवतात. सेल्फीसाठी एकानं बूड टेकलं की वीतभर गालिचा चिरडलाच. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर गर्दी वाढली, म्हणून वन खात्यानं जाळी मारली. माणसं थांबली, पण गुरंही थांबली. चराई बंद झाली की उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही, असं अनेक वनस्पती अभ्यासक सांगतात. म्हणजे गुराखी इथला शत्रू नव्हताच!

गावकऱ्यांचंही ऐका. प्रवेश शुल्कातून वन व्यवस्थापन समितीला पैसा आणि पोरांना हंगामी काम मिळतं. पण चराईची जागा गेलेल्याचं त्यावर भागत नाही. सातारकरांना कास तलावाचं पाणी हवंय, हॉटेलवाल्यांना बांधकामासाठी रस्त्याकडेची जमीन. खरं भांडण फुलांच्या हंगामानंतरही उभ्या राहणाऱ्या या बांधकामांचं आहे, त्यावर मात्र सगळे गप्प.