मोबाईल हिसकू नका भाऊ, त्याच्याकडून धडा वाचून घ्या

नमस्कार भाऊ,

घाटंजी तालुक्यातून तुमचं पत्र आलं. पोरगा नववीत आहे, धडा वाचताना अडकतो, वहीत ओळीओळीला लाल गोल, पण फवारणीचा पंप बिघडला तर सगळा खोलून परत बसवतो आणि कापसाच्या क्विंटलचा हिशोब तोंडी पटकन सांगतो. शाळेत म्हणाले आळशी आहे, मोबाईलनं बिघडला, म्हणून तुम्ही मोबाईल काढून घेतला अन् आता विचारता शाळा सोडवून कामाला लावू का. नका लावू भाऊ.

तुम्ही लिहिलं ते डिस्लेक्सियासारखं वाटतं. नक्की काय ते तपासणीतच कळेल, पण असेल तर त्यात बुद्धीचा काही दोष नसतो, दिसलेलं अक्षर अन् त्याचा आवाज जुळवायला अशा मुलांना खूप जास्त मेहनत पडते. त्यात आपली लिपी बघा, 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते पण बोलायची नंतर, 'सूर्य' मधला रफार य च्या डोक्यावर पण बोलायचा आधी, घ-ध अन् भ-म तर जुळे भाऊच. अशा पोराला पाच वेळा लिही म्हटलं की तो पाच वेळा चुकतो अन् वरून मार खातो.

म्हणून मोबाईल परत द्या, पण कामासाठी. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधे फुकट मिळतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधे अ‍ॅक्सेसिबिलिटीत सिलेक्ट टू स्पीक असतं, ते चालू केलं की स्क्रीनवरचा मजकूर फोन मोठ्यानं वाचतो, मराठी आवाज एकदा रेंजमधे डाउनलोड करून ठेवा. बऱ्याच मराठी पीडीएफचा फॉन्ट जुना असतो, मग फोन काहीतरी भलतंच बोलतो, तेव्हा पुस्तकाच्या पानावर गूगल लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यातून छापील अक्षर ओळखणारं अ‍ॅप, धरा अन् तिथून ऐका. महत्त्वाचं म्हणजे ऐकताना त्यानं त्याच ओळीवर बोट फिरवायचं, नुसतं कानानं ऐकून वाचन सुधरत नाही. वेग कमी ठेवा. उत्तरं आधी जीबोर्डच्या, म्हणजे फोनच्या गूगल कीबोर्डच्या, माइकवर बोलू द्या, मग स्क्रीनवर बघून वहीत उतरवू द्या, म्हणजे डोक्यातलं उत्तर स्पेलिंगच्या भीतीनं अडून राहणार नाही. रोज अर्धा तास पुरे, त्या वेळात तुम्ही नाहीतर वहिनी शेजारी बसा.

आता कागदाचं काम, ते नववीतच करा, दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ करून काही होत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातली विशिष्ट अडचण सुद्धा धरली आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. मुख्याध्यापकांना भेटून जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी कुठे होते ते विचारा, बालरोगतज्ज्ञ अन् मानसशास्त्रज्ञ दोघं बघतात, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो. सर्टिफिकेट मिळालं की शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो, त्यावर जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. दिव्यांगत्वाचं प्रमाण 40 टक्के किंवा जास्त निघालं तर पुढे सरकारी अन् अनुदानित उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागांचाही हक्क असतो. गावात लोक काय म्हणतील म्हणून हे कार्ड टाळणारे आईबाप मी खूप बघतो अन् मला फार वाईट वाटतं, कारण नुकसान पोराचंच होतं.

करिअरचं म्हणाल तर पंप खोलणारा हात आहे त्याचा, दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा मोटर मेकॅनिक, नाहीतर पॉलिटेक्निक, तिथे प्रॅक्टिकलला हाच पोरगा पुढे राहू शकतो. पण दहावीपर्यंत त्याला शाळेत टिकवणं तुमच्याच हातात आहे.

तपासणीला जाताना जुन्या वह्या असतील तर सोबत न्या, डॉक्टरांना चुका कशा होतात ते दिसतं.