झाकणावरचं पाणी

प्रिय मनू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, कोबी मुळात इकडचा, युरोपातल्या थंडीतला. मग भाजी 'आपल्या पद्धतीची'च हवी, असं तुम्ही का म्हणता? उकडून लोणी घालून खाल्ला तर काय बिघडलं?" मी तेव्हा विषय बदलला. खरं सांगतो, जरा लागलं. म्हणून आता नीट लिहितोय.

तुझं निम्मं म्हणणं मला मान्यच आहे. 'कोबी' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आलेला. बटाटा, काजू, पाव, चावी हे सगळे त्याच गलबतांतून उतरलेले शब्द. रेवदंडा, कोर्लई, वसई इथे त्यांचे किल्ले होते, वसई तर १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. फोडणीतली मिरचीही त्यांच्यामुळेच आपल्याकडे पोचली. रत्नागिरीच्या बाजारातला कोबी आजही बहुतेक घाटावरूनच उतरतो. आणि आजी पितृपक्षात पानावर भेंडी, गवार, कारलं, अळू वाढायची, कोबी मात्र कधीच नाही. तिच्या लेखीही तो पाहुणाच असावा. एरवी मात्र पानात उजव्या हाताला तीच भाजी असायची. ती आपली कशी, याचं उत्तर मला तिच्या चिरण्यात, वाफेत आणि खोबऱ्यात सापडतं. तेवढंच सांगतो.

अर्धा किलो कोबी घे. तिकडचा पांढरा, दगडासारखा घट्ट कोबी, जर्मनमधला वाइसकोल, शिजायला वेळ घेतो आणि त्याची पानंही जाड असतात. त्यापेक्षा टोकदार गड्ड्याचा कोबी, श्पिट्सकोल, कोवळा असतो, आपल्या कोबीच्या जास्त जवळचा. वरची दोन पानं काढून गड्डा चिरण्याआधीच धू आणि पालथा घालून निथळू दे. चिरल्यावर धुतलास तर पाणी घड्यांत अडकून बसतं आणि कढईत भाजी परतली न जाता उकडते. दांडा काढून टाक. चिरताना काडीपेटीतल्या काडीइतकी जाडी हवी. आजी विळीवर बसली की गड्डा पात्याच्या अंगाने फिरवत राहायची आणि खाली केसांसारखा लांब, एकसारखा कोबी पडायचा. सुरीने तेवढा बारीक होत नाही, पण एकसारखा झाला तरी पुरे. जाड-बारीक झाला तर बारीक गळतो आणि जाड कच्चा राहतो.

हरभऱ्याची डाळ तीन मोठे चमचे, किमान दोन तास भिजवलेली. दाणा नखाने दाबला की तुटला पाहिजे. न तुटणारी डाळ भाजीत कितीही वेळ ठेवलीस तरी दाताखाली खड्यासारखी लागते, आणि ती शिजायची वाट बघता बघता कोबीचा लगदा होतो. ही चूक सगळ्यात जास्त होते.

आता फोडणी. दोन मोठे चमचे तेल. एक मोहरी टाकून बघ, लगेच तडतडली तर अर्धा चहाचा चमचा मोहरी घाल. ती पूर्ण तडतडू दे, अर्धवट राहिली की कडवट लागते. मग पाव चमचा हिंग, तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, कढीपत्त्याची आठ-दहा पानं (कोरडी करून, नाहीतर तेल उडेल) आणि शेवटी अर्धा चमचा हळद. तुझ्याकडची काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेलीच राहते, म्हणून मोहरी तडतडली की कढई बाजूला उचलून घे आणि हिंग-हळद तिथेच घाल. हळद करपली की सगळ्या भाजीला कडूपणा येतो, आणि तो साखरेने झाकत नाही.

डाळ निथळून फोडणीत दोन मिनिटं परत. मग कोबी घाल, आच मोठी ठेव आणि तीन-चार मिनिटं झाकण न ठेवता हलवत राहा. तुझ्या मैत्रिणी ज्या वासाची तक्रार करतात तो गंधकाचा. कोबी जितका जास्त वेळ शिजतो तितका तो वास वाढतो. सुरुवातीला उघडा परतला आणि एकूण वेळ आवरता ठेवला, तर घरभर दरवळत नाही. (मोहरी आणि कोबी एकाच कुळातले, हे मला फार उशिरा कळलं. मोहरीची फोडणी त्याला इतकी मानवते ती त्यामुळेही असेल.)

कोबी बसला, म्हणजे ढीग निम्मा झाला, की पाऊण चमचा मीठ घाल. आधी घातलंस तर ढिगाच्या अंदाजाने जास्त पडतं. मग आच बारीक करून झाकण ठेव, आणि झाकणावर पाणी ओत. खोलगट ताटली असली तर उत्तम. वरच्या पाण्याने ताटली गार राहते, आतली वाफ तिला लागून थेंब होते आणि परत भाजीत पडते. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, वेगळं घालायची गरज नसते. तरीही तळाला लागायला लागलं तर ताटलीतलंच कोमट पाणी चमचाभर शिंपड. गार पाणी घातलं की कढई थंड पडते आणि भाजी पाणचट होते. पाच ते सात मिनिटांत झालं. डाळ बोटांत चेपली जावी, कोबी मात्र दाताखाली किंचित लागला पाहिजे.

झाकण काढून अर्धा चमचा साखर घाल आणि सुटलेलं पाणी मोठ्या आचेवर आटव. मग आच बंद, आणि त्यानंतरच अर्धी वाटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. मोठ्या आचेवर खोबऱ्याला तेल सुटतं आणि त्याचा गोडवा जातो. फ्रीझरमधलं असेल तर आधी बाहेर काढून मोकळं करून घे, नाहीतर गोळे राहतात. डब्यातला सुका कीस दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून पिळलास तर चालतो, पण चव वेगळीच लागते, हे आधीच सांगून ठेवतो. खोबरं घातलेली भाजी उरली तर लगेच फ्रीजमध्ये ठेव, उन्हाळ्यात दुपारपर्यंतही टिकत नाही.

हीच एक पद्धत आहे, असं मी म्हणणार नाही. मालवणला माईआत्याच्या सासरी हिंगाऐवजी ठेचलेला लसूण असतो, साखर नसतेच, आणि तीही भाजी मी मिटक्या मारत खातो. मग 'आपली' म्हणजे नेमकी कुठली, याचं उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाही. तू लोणी घालून उकडलेला कोबी खा, तोही चांगला लागतो. फक्त एकदा झाकणावर पाणी ठेवून ही करून बघ, एवढंच माझं मागणं आहे, आणि तेही तुला वेळ असेल तेव्हा. डाळ आदल्या रात्री भिजत घातलीस तर सकाळी घाई होत नाही. विसरलीस तर मटार घाल.

तुझा,
बाबा