नातवंडांसाठी नाताळच्या झाडावर टांगायच्या शोभेच्या वस्तू: नव्याने सुरू करताय तर

ताई, पहिल्याच वर्षी अख्खं झाड भरायच्या मागे लागू नका. दर नाताळला प्रत्येक नातवंडासाठी एकच वस्तू करा, पण तिच्या मागे नाव आणि साल हवंच. पेनाने नको, शाई उडते, दोऱ्याने भरा.

साहित्य सोलापुरात घरातच असतं. चादर विरली की तिचा धड भाग जपून ठेवा. वीण जाड, कापली की धागे सुटतात, म्हणून आधी चांदणीच्या आकारावर टीप मारा, मगच कात्री लावा. आत कापूस. टिकल्या शिवूनच लावा. ग्लू गनच्या भानगडीत पडू नका. मे महिन्यात इथे पारा 40 च्या वर जातो, माळ्यावर तर विचारूच नका! तो गोंद मऊ पडतो.

बाळाच्या हाताचा ठसा हवा असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. पातळ लाटा, भोक ओल्यातच पाडा, मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा. दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारा, नाहीतर मीठ पावसाळ्यात ओल धरतं.

आणि हो, या वस्तूंचा खोका तुमच्याकडेच ठेवा. नातवंडांनी स्वतःचं घर मांडलं की द्या, सूनबाईंनी कितीही मागितला तरी.