ऊस भरताना कंबर धरली, तर कायरोप्रॅक्टरकडे जावं का?

निपाणीकडून प्रश्न आलाय: उसाच्या मोळ्या भरताना वडिलांची कंबर धरली, गावातल्या हाडवैद्याऐवजी बेळगावात कायरोप्रॅक्टर (हातानं मणके दाबून, झटका देऊन उपचार करणारा) शोधावा का?

आधी बघा, पाय लुळा पडतोय का, लघवी अडकतेय किंवा नकळत होतेय का, जांघेत बधिरपणा किंवा अंगात ताप आहे का. यातलं काहीही असलं तर मणक्याला कुणाचा हात लागू देऊ नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

नसेल तर घाबरू नका. कायरोप्रॅक्टिक १८९५ साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी सुरू केलं. तिथं त्याला परवाना लागतो. आपल्याकडं त्याची स्वतंत्र परिषद नाही, म्हणून शिक्षण कुठं झालं हे विचाराच. साध्या कंबरदुखीत थोडा आराम पडतो, पण व्यायाम आणि फिजिओथेरपीपेक्षा फार जास्त नाही. कट्‌कन आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असं नसतं. मान मात्र झटक्यानं मोडू देऊ नका. क्वचित तिथली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो.

माझं मत विचाराल तर आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट. आणि वडिलांना अंथरुणाला खिळवू नका, झेपेल तेवढं चालू द्या.