घुबडाखाली ३६/५० लिहिलंय म्हणजे ती कॉपी का? आणि साडीतली मारियामाता ओरिजिनल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावशीने कॅनडाहून आणलेल्या घुबडाच्या चित्राखाली पेन्सिलने ३६/५० लिहिलंय, तेव्हा ती कॉपीच असणार, वसईच्या घरातलं साडीतल्या मारियामातेचं कागदावरचं चित्र मात्र हाताने काढलेलं असावं, आणि दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसवायची आहेत. मी पुण्यात कागदी चित्रांचं माउंटिंग आणि फ्रेमिंग करतो. फोटोवरून छातीठोक काही सांगता येत नाही, पण माझा अंदाज तुमच्या बरोबर उलटा आहे. घुबड अस्सल निघेल असं वाटतं. मारियेला आधी भिंगाखाली घ्यावं लागेल.

घुबडाखाली तुम्ही वाचलेला ‘डॉर्सेट’ हा शब्द म्हणजे कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटाच्या टोकाजवळचं केप डॉर्सेट. आता त्या गावाचं अधिकृत नाव किनगाइत. तिथले इन्युइट लोक (शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना एस्किमो म्हणायचो ते) १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रिंट, म्हणजे ठशावरून छापलेली चित्रं, काढतात. जेम्स ह्यूस्टन नावाच्या गृहस्थांनी हे काम सुरू करून दिलं, मग ते स्वतः जपानला जाऊन उन-इची हिरात्सुका यांच्याकडे लाकडी ठशाची छपाई शिकून आले. १९५९ साली गावाचा पहिला वार्षिक संच विक्रीला आला. लाकूड मिळणार कुठून, त्या भागात झाडंच नाहीत. म्हणून ठसा दगडात. शिवाय सुरुवातीला सीलच्या कातड्याचे स्टेन्सिलही वापरले.

चित्र एकजण काढतो, दगड दुसरा कोरतो, शाई लावून छापतो कधी तोच, कधी तिसरा. दगडावर पातळ जपानी कागद पसरून मागून हाताने घासतात. ठरलेल्या प्रती, बहुतेक वेळा ५०, निघाल्या की दगडावरचं चित्र घासून टाकतात. म्हणजे ३६/५० हा पन्नासातला छत्तिसावा कागद, आणि ते पन्नासही मूळच. ज्याची कॉपी म्हणावी असं ‘खरं’ चित्र दुसरीकडे कुठे टांगलेलं नाही.

आता तपासा. चित्राच्या कडेला छोटे शिक्के असतील: लाल इग्लू हा तिथल्या सहकारी संस्थेचा, आणि त्रिकोण आणि हुकांसारखी अक्षरं म्हणजे चित्रकार आणि छापणाऱ्याची नावं, त्यांच्या लिपीत. कागद तिरक्या उजेडात धरा, लांबलांब तंतू दिसतील. पाठीमागून शाई झिरपल्याच्या आणि घासल्याच्या खुणा दिसल्या तर फारच उत्तम. (पुढे तिथे लिथोग्राफही, म्हणजे न कोरता सपाट दगडावर काढून छापलेली चित्रं, होऊ लागले, त्यात या खुणा नसतात.) भिंगातून चार रंगांचे नीट मांडलेले ठिपके दिसले, तर मात्र ते पोस्टर किंवा कॅलेंडरचं पान. केप डॉर्सेटच्याच चित्रकार केनोजुआक अशेवाक यांचं १९६० सालचं ‘मंतरलेलं घुबड’ इतकं गाजलं की १९७० साली कॅनडाने त्याचं टपाल तिकीट काढलं. २०१८ साली त्याची एक प्रत लिलावात दोन लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली. म्हणून लगेच हुरळू नका. बाकीची शेकडो घुबडं यापेक्षा कितीतरी स्वस्तात विकली जातात.

तुमची आई म्हणते घुबड आणि देवाचं चित्र एका खोलीत नको. तो तुमच्या घरचा मामला. फक्त एवढं सांगतो, की तिथून पश्चिमेकडच्या होल्मन या इन्युइट गावात प्रिंटची सहकारी संस्था उभी राहिली १९६१ साली, आणि त्यामागे होते आंरी तार्दी हे कॅथलिक पाद्री! त्याच संस्थेसाठी हेलन काल्व्हाक यांनी जुन्या शामानांची (आत्म्यांशी बोलणाऱ्या मांत्रिकांची) आणि प्राण्यांची चित्रं काढली. फादरना चाललं होतं.

मारियेकडे येऊ. साडीतली मारिया म्हटली की पुण्यात हमखास आंजेलो द फोन्सेका यांचं नाव निघतं, तुम्हीही विचारलंच आहे. ते मूळचे गोव्यातल्या सांत इस्तेव्हचे, जन्म १९०२. अवनींद्रनाथ टागोर आणि शांतिनिकेतनातले नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी येशू-मारियेला आपल्या मातीतली माणसं म्हणून रंगवलं. गोव्यातल्या कर्मठांना ते पचलं नाही. १९६७ साली पुण्यातच वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. तो पाहिल्याशिवाय नाव घेऊ नका. साडी आणि तेजोवलय एवढ्यावर फोन्सेका ठरत नाहीत.

भिंगातून काय दिसतं ते आधी बघा. जलरंगात डाग सुकताना कडेला गडद रेघ उरते, खालची पेन्सिल कुठेतरी डोकावते. वॉश पद्धतीत कागद पुन्हापुन्हा पाण्यातून काढतात, त्यामुळे रंग कागदाच्या आत मुरल्यासारखा, धुकट दिसतो. रवि वर्मा प्रेसच्या देवांसारखे वेडेवाकडे दाणे दिसले तर जुना लिथो. तोही टाकून द्यायचा नाही, आजोबांनी त्याच्यासमोर रोजरी म्हटलेली असते.

फ्रेम मात्र एकच नको. जुन्या चित्राच्या मागे पिवळा पडलेला पुठ्ठा असणार, त्यातलं आम्ल शेजारच्या जपानी कागदालाही खाईल. दोन्हींना अ‍ॅसिड-फ्री बोर्ड, आणि काच कागदाला टेकू न देणारा माउंट. चिकटवायला जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन काहीही नाही. वसईच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर चित्र लावलंत तर दोन वर्षांत बुरशी, आणि मागून कसर. आतली भिंत, उन्हापासून लांब, मेणबत्तीच्या काजळीपासूनही. तपकिरी डाग आधीच आले असतील तर घरी पुसू नका; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारा.

फ्रेमवाला ‘साइजमध्ये बसवतो’ म्हणून कडा कापायला निघाला तर त्याला थांबवा. घुबडाचा आकडा, शिक्के, सही, सगळं त्याच कडेवर आहे. मारियेच्या पाठीमागे काही लिहिलेलं असलं तर फ्रेम बंद करण्याआधी त्याचा फोटो काढून इथे टाका, मग पुढे बोलू.