शंभर मार्क वाढवून सांगितलेली गोष्ट

एका आईने विचारलं आहे. मुलगा लातूरला वसतिगृहात राहून नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करतो. दर रविवारी टेस्ट झाली की फोनवर मार्क सांगतो, आणि ते बरे असतात. परवा क्लासच्या सरांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की सांगितलेल्या आणि पडलेल्या मार्कांत ऐंशी-नव्वदचा फरक आहे. "आता रागवावं, की आपल्याला काही कळलंच नाही असं दाखवावं? खोटं बोलायला आम्ही कधी शिकवलं नाही हो त्याला."

मी समुपदेशक आहे, आणि जानेवारी उजाडला की हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो. कधी आईच्या तोंडून, कधी वडिलांच्या, आणि कधी खुद्द त्या मुलाच्या किंवा मुलीच्या. दोन वर्षांपूर्वी लातूरला रिपीट करायला आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते, त्यात या आईचं उत्तर आहे. मुलीची परवानगी घेतली आहे. तिला सुप्रिया म्हणू. गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुप्रिया माझ्याकडे मार्कांसाठी आलीच नव्हती. तिला पाठवलं होतं पोटाच्या डॉक्टरांनी. शनिवारी रात्री पोटात कळ यायची, रविवारी सकाळी उलटी, आणि सोमवारी सगळं ठीक. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, कशातच काही निघालं नाही. डॉक्टर जुने, अनुभवी. त्यांनी वार विचारले आणि चिठ्ठी लिहून दिली.

पहिल्या भेटीत ती वेळापत्रकच घेऊन आली होती. पहाटे साडेचारपासून रात्री साडेअकरापर्यंत वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी भरलेलं. मीही त्यावरच बोलत बसले. झोप किती, चहा किती, मेसचं जेवण जातं का. ती शहाण्यासारखी उत्तरं देत राहिली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, "मॅडम, पोटाला गोळी नाही का काही?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाऊण तासात आपण मुद्द्याला हातच लावला नाही.

दुसऱ्या भेटीत मी वेळापत्रक बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "रविवारी टेस्ट संपल्यावर काय होतं?"

"पप्पांचा फोन येतो."

"मग?"

बराच वेळ ती टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. मग रडत रडत सगळं बाहेर आलं.

२०२४ च्या नीटला तिला ७२० पैकी ५१२ मार्क होते. त्या वर्षी मार्कांचा नुसता पूर आला होता. पहिल्या निकालात देशभरात ६७ जणांना पैकीच्या पैकी पडले होते. तिच्या प्रवर्गात ५१२ वर सरकारी एमबीबीएसची आशाच नव्हती. घरच्यांनी ठरवलं, एक वर्ष रिपीट. लातूरला आली, खोली घेतली, मेस लावली. पहिल्याच रविवारच्या टेस्टला मार्क पडले ४५५. वर्ष वाया घालवून आली आणि आधीपेक्षाही सत्तावन्न कमी! पप्पांचा फोन आला तेव्हा तोंडातून निघून गेलं, "पाचशे पंचावन्न."

"एकदाच म्हटलं होतं मॅडम. म्हटलं पुढच्या वेळी खरंच पाडू."

पण पुढच्या रविवारी ५५५ च्या खाली सांगायची सोय राहिली नाही. पप्पांनी तो आकडा मामाला सांगितला, मामाने गावात. हळूहळू ती फोनवर ५६०, ५७२ असे चढते आकडे सांगू लागली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने दोन रकाने आखले होते, एक पडलेल्या मार्कांचा, एक सांगितलेल्यांचा. मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते विसरू नये म्हणून. वीस रविवारांची नोंद होती. ते पान तिने मला दाखवलं तेव्हा पोट का दुखतं हे आणखी कुणाला विचारायची गरज उरली नाही.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगते की इथलं बोलणं इथंच राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर मी घरी कळवीन. त्या दिवशी मी तिला सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारायला पालक फार घाबरतात. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं घातलं जाईल असं वाटतं. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याने मुलाचा जीव जरा मोकळा होतो. सुप्रिया म्हणाली, "झोपले आणि उठलेच नाही तर बरं होईल, असं वाटतं. बाकी काही करणार नाही मी." हे वाक्य मी कधीच हलक्यावर घेत नाही. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, खोलीतल्या मैत्रिणीला तिच्या संमतीने विश्वासात घेतलं, आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. मनाच्या त्रासावर मदत करणारी सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. वाचणाऱ्यांनीही आत्ताच टाकून ठेवावा.

घरी फोन करायचाच होता. ती हात जोडून म्हणाली, "मार्कांचं नका सांगू." मी म्हटलं, मार्क तुझे आहेत, ते तूच सांगशील. मी फक्त एवढंच सांगणार की तुला त्रास होतोय आणि त्यांनी यावं. हा फरक मी पाळला, आणि आजही मला वाटतं की तो पाळला म्हणूनच पुढचं जमलं. मी मार्क फोडले असते तर तिच्या दृष्टीने मीही क्लासच्या नोटीस बोर्डासारखीच झाले असते.

वडील यायला चार दिवस लागले. तेवढ्यात आम्ही तिच्या उत्तरपत्रिका पाहिल्या. मला फिजिक्स येत नाही, पण चुका कुठे आहेत ते मोजता येतं. अलीकडच्या एका पेपरात तिला पुन्हा ४५५ च पडले होते, आणि त्यात तिने १८० च्या १८० प्रश्न सोडवले होते. १२७ बरोबर, ५३ चूक. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. त्या ५३ पैकी जवळजवळ निम्म्या चुका जीवशास्त्रात होत्या, म्हणजे तिला जे सगळ्यात चांगलं येतं त्यात. "चुकीचे विधान ओळखा" असं लिहिलेलं असताना तिने बरोबर विधानावर गोल काळा केला होता, तोही चार ठिकाणी. मी विचारलं, असं कसं होतं? म्हणाली, "पाचशे सत्तरपर्यंत जायचं तर एकही प्रश्न सोडता येत नाही. मग पळत वाचते."

फोनवर सांगितलेला आकडा गाठायला ती पेपरात पळत होती, आणि पळण्यामुळे हातचे मार्क जात होते. खोटेपणाने तिच्या मनाचं काय केलं ते मी समजू शकत होते. पण तो थेट उत्तरपत्रिकेत उतरलेला मी पहिल्यांदाच बघत होते. त्यात जानेवारीच्या शेवटी जाहीर झालं की नीटच्या पेपरातले पर्यायी प्रश्न गेले आणि वेळही २०० मिनिटांवरून १८० वर आली. लातूरच्या अभ्यासिकांतून त्या आठवड्यात नुसती पळापळ होती. सुप्रियाचं पोट तीन दिवस दुखत राहिलं.

वडील एसटीने आले. हातात डबा, पिशवीत धपाटे आणि चटणी. खुर्चीच्या टोकावर बसले. सुप्रिया समोर. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मी तिला वहीचं शेवटचं पान उघडायला सांगितलं नाही. तिने आपणहून उघडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी दोन्ही रकाने वरून खाली वाचले. बोट फिरवत वाचले. मग म्हणाले, "कामून सांगितलं न्हाईस गं माय?"

"आत्या म्हणाली दिवाळीला. माझ्यापायी रान गेलं म्हणून."

"कुठं गेलं रान?" ते खरोखर गोंधळले. "दीड एकर ठोक्यानं दिलंय भाऊसाहेबाला, एका सालासाठी. पाडव्याला परत येतंय."

ती मुलगी दिवाळीपासून विकलेल्या जमिनीचं ओझं डोक्यावर घेऊन पेपर देत होती. जमीन विकलेलीच नव्हती. आत्या बोलून गेली, तिने मनात धरलं, आणि विचारायची हिंमत केली नाही, कारण विचारलं असतं तर मार्कांचा विषय निघाला असता.

पुढे जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मीबी तुला एक खोटं सांगितलंय. सोयाबीन पावणेपाच हजारांनी गेलं म्हणालो ना, तीन हजार नऊशेनं गेलं." त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आसपास घुटमळत होतं, हे लातूरमध्ये कुणालाही माहीत होतं. सुप्रियाला नव्हतं, कारण ती बातम्या बघत नव्हती आणि पप्पांनी तिला काळजी नको म्हणून भाव वाढवून सांगितला होता. तिने मार्क, त्यांनी भाव.

मी कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, आता खरे आकडे लिहा. खोलीभाडं, मेस, क्लासची राहिलेली फी, ठोक्याचे आलेले पैसे, सोयाबीनचे. एकूण कर्ज निघालं ते तिने मनात धरलेल्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. वडिलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना कुणी सांगितली नव्हती. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

त्याच कागदाच्या मागे आम्ही दुसरी गोष्ट लिहिली. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, आणि माझ्या मते मुलांचा सगळ्यात मोठा घात इथेच होतो. निकालाच्या रात्री रडारड चालू असताना "अजून एक वर्ष" ठरतं. ते त्या रात्री ठरवायचं नसतं. सुप्रिया आणि तिच्या पप्पांनी फेब्रुवारीतच ठरवलं की हा शेवटचा प्रयत्न. एमबीबीएस नाही मिळालं तर याच नीटच्या रँकवर बीएएमएस (आयुर्वेद) आणि पशुवैद्यकीय, आणि सोबत एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबीचा (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) फॉर्म, म्हणजे बी. फार्मसी आणि कृषीचं दार उघडं. पशुवैद्यकीय हा शब्द वडिलांच्या तोंडून आला. उदगीरचं कॉलेज त्यांनी गाय घेऊन जाताना बघितलं होतं.

त्यानंतर पहिल्या रविवारी सुप्रियाने घरी खरे मार्क सांगितले, ४६१. नंतर मला फोन करून म्हणाली, "पप्पा म्हणाले बरं, जेवलीस का." पोट त्या शनिवारीही दुखलं, त्याच्या पुढच्या शनिवारीही. एकदम थांबलं नाही. औषध चालू होतं, झोप सहा तासांवर आली. पेपरात पळणं थांबवायला महिना लागला. मार्चमध्ये एका टेस्टला १६८ प्रश्न सोडवून ४८७ आले. पाचशे सत्तर कधीच आले नाहीत.

४ मे २०२५ चा पेपर इतका अवघड निघाला की केंद्राबाहेर पोरं आणि पालक दोघंही रडत होते. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. सुप्रियाला ४६३. आदल्या वर्षीच्या ५१२ पेक्षा एकोणपन्नास कमी, आणि रँक मात्र कितीतरी पुढे. मामाने फोन करून "वर्ष वाया गेलं" म्हटलं, तेव्हा पप्पांनी त्यांना मार्क आणि रँक यांतला फरक समजावून सांगितला. तिला पशुवैद्यकीयला प्रवेश मिळाला. एमबीबीएस हुकल्याचं तिला वाईट वाटलं, अजूनही कधी कधी वाटतं, आणि ते वाटू नये असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.

आता त्या आईला. रागवू नका, आणि माहीत नसल्याचं सोंगही करू नका. मुलं सोंग पटकन ओळखतात आणि मग दोन्हीकडून लपवाछपवी सुरू होते. क्लासच्या सरांकडून कळलं हे फोनवर सांगू नका. जाऊन भेटा. रविवार टाळा, टेस्ट नसलेला दिवस बघा. "मला खरे मार्क कळलेत, मी चिडलेले नाही, एवढे दिवस एकट्याने कसं निभावलंस ते सांग," एवढं बोलून थांबा. तो लगेच बोलणार नाही. तुम्ही बसून राहा. झोप, जेवण, पोट, डोकं यांची चौकशी करा, आणि मरणाचे विचार येतात का हेही विचारा. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. आणि घरात पैशाचं जे काही त्याच्यापासून झाकून ठेवलं असेल, ते त्याच बैठकीत तुम्ही आधी सांगा.

सुप्रियाचे पप्पा अजून रविवारी संध्याकाळी फोन करतात. आधी सोयाबीनचा भाव सांगतात.