कुजलेले खांब, गाडलेलं काँक्रीट

प्रश्न : आमच्या कुंपणाचे जुने लाकडी खांब जमिनीलगत कुजून मोडले आहेत. बुंधे काँक्रीटमध्येच अडकलेत, वर जेमतेम वीतभर लाकूड उरलंय. घण घालून काँक्रीट फोडावं, की ते तसंच सोडून शेजारी नवे खांब रोवावेत?

उत्तर : घण तूर्त बाजूला ठेवा. गाडलेल्या काँक्रीटला मातीने चहूबाजूंनी आवळून धरलेलं असतं. वरून कितीही घाव घातले तरी टवके उडतात, गोळा दुभंगत नाही. त्याला फुटायला किंवा हलायला आधी जागा हवी, आणि ती कुदळीनेच करून द्यावी लागते. खणण्याआधी तिथून विजेची केबल, पाण्याची वा गॅसची नळी गेलेली नाही याची मात्र पक्की खात्री करा.

कुंपणाची कामं करताना मी गोळ्याभोवती गोल कधीच खणत नाही. एकाच बाजूला, फावडं आणि आपले पाय मावतील एवढा चर घ्यायचा, थेट गोळ्याच्या तळापर्यंत. चिकण माती कडक झाली असेल तर आदल्या रात्री पाणी सोडून ठेवा. मग समोरच्या बाजूने पहार घालून गोळा चराकडे कलता करा. कलला की मातीची पकड सुटते. चरात तिरपी फळी टाकून त्यावरून तो लोळवत वर आणायचा. उचलायला जाऊ नका. ३० सेंटिमीटर व्यासाचा, ६० सेंटिमीटर खोल गोळा १०० किलोच्या आसपास भरतो. दीड मीटरची पहार टोकापासून १५ सेंटिमीटरवर टेकवली तर तुमचा जोर नऊपट होतो. तिथे कंबर कशाला पणाला लावायची? गोळा फारच मोठा निघाला तर आता घण घ्या, चराच्या बाजूने मारा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

उरलेल्या लाकडात जाड स्क्रू पिळून साखळीने ओढावं, असं कोणी सुचवेल. आधी त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. सहज घुसला तर त्या लाकडावर भिस्त नको, ताण आला की स्क्रू निसटून अंगावर येतात.

शेजारी रोवण्याचा पर्याय वाईट नाही. कुंपणाच्या फळ्या कापून बसवता येत असतील तर जुने गोळे खुशाल राहू द्या. लाकूड कोरून त्याच भोकात नवा खांब बसवणं मात्र मला पटत नाही. खांब जमिनीलगतच का कुजला? बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. वर लाकूड वाळतं, खोलवर हवा कमी पडते; जमिनीलगत दोन्ही भरपूर. त्यात लाकूड आक्रसलं की काँक्रीट आणि खांबाच्या फटीत पाणी उतरतं आणि तिथेच साचून राहतं. तेच भोक वापरलंत तर नवा खांबही त्याच वाटेने जाईल.

नव्या खड्ड्यात तळाशी १५ सेंटिमीटर खडी घाला आणि खांबाचा बूड थेट तिच्यावर टेकवा. बुडाखाली काँक्रीट नको. खांबाभोवतीच्या काँक्रीटचा वरचा थर जमिनीपेक्षा थोडा उंच, बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. त्याहून बरं म्हणजे काँक्रीटमध्ये लोखंडी पाय बसवून लाकूड जमिनीच्या वरच ठेवणं. मी स्वतः तेच करतो.

निघालेलं लाकूड जाळू नका. जुन्या खांबांना वाळवीपासून वाचवायला दिलेल्या द्रावणात अनेकदा आर्सेनिक असे, आणि ते धुरात व राखेत उतरतं.